काडीचं माप

बुटांचं काही विचारायचं असलं की लोक अजून माझ्याकडेच येतात. परवा शेजारचा सनी आला. म्हणाला, "काका, पावसाळ्यात डोंगरात जायचंय. कोणते बूट घेऊ?" झालं, मी त्याला बसवून घेतलं आणि सुरू झालो. बूट संध्याकाळी घ्यायचे, सकाळी नाही, दिवसभरात पाय फुगतो. जे मोजे घालून चढणार तेच घालून दुकानात जायचं. टाच मागे टेकली की अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात. दोन्ही पाय मोजायचे, कारण एक नेहमी जरा मोठा असतो. आणि जीभ बघायची. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली नसेल तर दुकानदार देवाच्या शपथा घेऊ दे, पाणी आत येणार म्हणजे येणार.

"काका, केवढं माहिती आहे तुम्हाला!" सनी म्हणाला.

हे वाक्य ऐकलं की हल्ली मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं. ह्या सगळ्या ज्ञानापायी एक पाय गेला. सनीला ते सांगितलं नाही. इथे सांगतो.

माझं नाव निवृत्ती. सातपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे, मालाच्या तपासणीतला. लेथवरून उतरलेला नग माझ्या टेबलावर यायचा, मी व्हर्नियर लावायचो, मापात असला तर हिरवा ठिपका, नसला तर लाल. लाल ठिपका लागला की नग भंगारात. ऑपरेटर गयावया करायचे, "साहेब, केसभराचा तर फरक आहे." मी म्हणायचो, केस तुझ्या डोक्यावर ठेव, इथे नको. नाकावर राग आणि खिशात व्हर्नियर, अशी माझी ओळख. पाठीमागे मला 'लाल ठिपका' म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट छाती फुगायची.

रविवारी मात्र डोंगर. आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप, सगळे सातपूर-अंबडचे. त्यातला ललित माझा खास, टिंगलटवाळीत एक नंबर. नव्वद-पंचाण्णवच्या सुमारास नाशकात डोंगरात चालायचे चांगले बूट मिळत नव्हते. कॅनव्हासचे हंटर शूज मिळायचे, पहिल्याच ओढ्यात त्यांचं पोतेरं व्हायचं. मग मी यादवला गाठलं. यादवचं सातपुरातच पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप होतं, कारखान्यांना सेफ्टी शूज पुरवायचा. माणूस कमी बोलायचा, पण हात सोन्याचा. त्यानं मला म्हशीच्या जाड कातड्याचे, मेण चोळून चोळून मुरवलेले बूट करून दिले. मी ते टबात दिवसभर बुडवून ठेवले, आत वर्तमानपत्र कोंबून, वर दगड ठेवून, फक्त तोंडाची कड पाण्याबाहेर. संध्याकाळी कागद काढला तर ठणठणीत कोरडा. इतका खूश झालो की तो कागद नेऊन यादवला दाखवला.

तेच बूट घालून सत्त्याण्णवच्या जुलैत मी आपटलो.

पेठच्या रस्त्यानं घाट उतरून आत गेलं की एक पाडा आहे, दहा-बारा घरांचा. चंदर तिथला. भात आणि नागली पिकवायचा, दिवाळी झाली की बायकोला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जायचा, आणि रविवारी आम्ही गेलो की आम्हाला डोंगरावर न्यायचा. अनवाणी. आम्ही हातापायांवर चढत असायचो, आणि हा वर बसून करवंदीची पानं चघळत आमची वाट बघायचा. त्या दिवशी उतरताना शेवाळलेल्या कातळावर माझा पाय वळला आणि घोटा असा सुजला की बूट निघेना. चंदरनं काही विचारलं नाही. मला पाठुंगळी घेतलं आणि भर पावसात दोन तास उतरला. माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो. मध्ये एकदाच थांबला, तेही मला लघवीला लागली म्हणून.

घरी त्याची बायको, तानुबाई, चुलीपाशी होती. तिनं मला ओट्यावर बसवलं आणि हळद-चुना गरम करायला घेतला. लाकडं सारताना एक निखारा तिच्या पावलावर पडला. तिनं तो पाहिला, सावकाश चिमट्यानं उचलला, चुलीत टाकला, आणि हळद ढवळत राहिली. ना हाय, ना हूं.

ललित म्हणाला, "वा वहिनी, काय पाय आहेत! आम्हाला चहाची वाफ लागली तरी बोंबलतो आम्ही."

आम्ही सगळे खो खो हसलो. चंदर तेवढा हसला नाही. मी मापं घेणारा माणूस, केसभराचा फरक हेरणारा, आणि मला त्या बाईच्या पायात काही वेगळं दिसलं नाही.

निघताना मी चंदरचा हात धरला. खरंच भरून आलं होतं मला. म्हटलं, "चंदर, आज तू नसतास तर मी वरच मेलो असतो. काहीही माग. लाजायचं नाही." तो नाही नाही म्हणत राहिला. जीपपर्यंत पोहोचवायला आला. सगळे बसले, तेव्हा माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्यासारकं बूट मिळतील का? पानी आत न येनारं?"

"मिळतील की! दिलेच समज!"

"घरात पायजे व्हतं," तो म्हणाला.

मी ललितकडे बघितलं, ललितनं माझ्याकडे. "घरात?" मी म्हटलं. "घरात कशाला रे बूट? एवढं गळतं का घर?"

ललित म्हणाला, "मग छत्रीपण देऊ की, घरात!"

जीपभर हशा. चंदरनं मान खाली घातली. मग तोही हसला, म्हणाला, "गळतं थोडं."

हा किस्सा मी पुढं वर्षभर सांगत होतो. कँटीनमध्ये, ग्रुपात, नवीन आलेल्या ट्रेनीला. 'घरात पायजे व्हतं' हे मी चंदरच्या आवाजात म्हणायचो आणि लोक पोट धरून हसायचे. फक्त घरी कधी सांगितला नाही. डोंगराचं नाव काढलं की आशाच्या कपाळावर आठ्या यायच्या, म्हणून माझ्या बायकोला, चंदरनं पाठीवर आणलं एवढं सोडून, मी डोंगरातलं काही सांगतच नव्हतो. तिला सांगितला असता तर त्याच दिवशी सगळं निस्तरलं असतं. पण नाही सांगितला.

दिवाळीनंतर एका दुपारी वॉचमननं निरोप पाठवला, गेटवर कुणी चंदर आलाय. द्राक्षाच्या कामाला जाता जाता वाट वाकडी करून आला होता. त्यानं कमरेच्या फडक्यातून एक बांबूची काडी काढली. तासून गुळगुळीत केलेली, दोन्ही टोकं सरळ कापलेली, एका टोकाला बारीक खाच. मधोमध सुतळी गुंडाळलेली.

"बुटाचं माप हाय, भाऊ. खाच हाय ती टाचंची बाजू. सुतळी हाय ती पंज्याचा घेर. लय दमानं घेतलंय, उभं करून."

उभं करून. हे शब्दही मी ऐकले, बरं का. बहिरा नव्हतो मी. "बरं बरं," म्हटलं, काडी खिशात टाकली आणि आत गेलो.

त्या डोंगराकडच्या पाड्यांवर ही पद्धतच आहे. बाजाराला एक जण जातो, आणि ज्यांना जाता येत नाही त्यांच्या पायाच्या काड्या बरोबर नेतो. दुकानदार काडी चपलेवर ठेवून बघतो. म्हणजे काडी असते ती न आलेल्या माणसाची. हे मला फार उशिरा कळलं. पण पद्धत माहीत नसली तरी अक्कल होती ना? चंदर स्वतःच्या दोन पायांवर माझ्यासमोर उभा होता. त्याला स्वतःसाठी बूट हवे असते तर तो काडी कशाला आणेल? पाय पुढे केला असता, काम झालं असतं. एवढा साधा हिशेब मला, शहाण्याला, सुचला नाही.

टेबलावर जाऊन मी काडीला व्हर्नियर लावला. दोनशे एकवीस मिलिमीटर. म्हणजे चार नंबर. मला हसूच फुटलं. चंदरचा पाय चार नंबर? फावड्यासारखा पाय तो! म्हटलं, काय अडाणी माणूस, स्वतःच्या पायाचं माप धड घेता येत नाही. पुन्हा गेटवर गेलो, तर तो निघून गेला होता. पण माळ्यानं नुकतंच पाणी घातलं होतं आणि गेटजवळच्या ओल्या मातीत चंदरचं पाऊल उमटलं होतं, अगदी टाचेपासून बोटांपर्यंत. मी तिथंच गुडघ्यावर बसलो आणि ते मोजलं. वॉचमन बघत राहिला. दोनशे एकोणसाठ. आठ नंबर. आत आलो, रंगाच्या डबीत ब्रश बुडवला आणि काडीवर लाल ठिपका दिला. रिजेक्ट. गंमत म्हणून ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

यादवला मी काडीचा किस्सा सांगितला. तो हसला नाही. हातातली आरी खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, दोनशे एकवीस हे पुरुषाचं माप नाही. बाईचं असेल, नाहीतर पोराचं. एकदा विचारून घ्या."

"अरे, मी स्वतः मोजलाय त्याचा पाय!"

"पाय मोजला हो. पण बूट कुणाला पाहिजेत ते विचारलंत का?"

मी भडकलो. "यादव, सव्वीसशे नग रोज माझ्या हाताखालून जातात. मला माप शिकवतोस? आठ नंबर कर, पुरुषाचे."

"करतो," यादव म्हणाला आणि आरी उचलली. माझ्यासमोर कोण तोंड उघडणार?

बूट असे झाले की माझ्या बुटांनी लाजावं. टबातली परीक्षा पास. अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या आधी, आम्ही ते घेऊन पाड्यावर गेलो. ललितनं हार आणला होता, कॅमेरा आणला होता. चंदरला ओट्यावर बसवून खोका त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं झाकण काढलं. एक बूट उचलला, आत हात घातला, पार बोटांपर्यंत. मग दाराकडे बघितलं. दारात तानुबाई उभी होती. तिनं बुटाकडे बघितलं, थोडीशी हसली आणि आत गेली.

चंदर म्हणाला, "भाऊ, काडी हरावली का?"

"हरवली कशानं? तुझी काडीच चुकली होती, लेका! मी तुझं पाऊल मोजून केलेत. घालून तर बघ."

त्यानं बुटातला हात बाहेर काढला. "हां," म्हणाला, "चुकलं आसंल माजंच."

त्यानं बूट घातले. तंतोतंत. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. गळ्यात हार, पायात बूट, आणि डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, दाराकडे.

पुढच्या खेपेला चंदर अनवाणीच. त्याच्या पुढच्यालाही. घरात डोकावलो तर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगलेले. माझं डोकंच फिरलं. "अरे, पूजेला दिलेत का तुला? घाल की!" तो नुसता हसला. परतताना जीपमध्ये मी बोललो ते अजून आठवतं. गाढवाला गुळाची चव काय, असं बोललो मी. ज्यानं मला दोन तास पाठीवर वाहिलं त्याच्याबद्दल. ललितसुद्धा जीपबाहेर बघायला लागला. त्यानंतर मी त्या बाजूचा डोंगरच सोडला. नाशिकला डोंगरांची काय वानवा!

पाच वर्षं गेली. कंपनीनं व्हीआरएस आणली, मी घेतली. ड्रॉवर रिकामा करताना काडी हाताला लागली, ती बाकीच्या सामानाबरोबर डब्यात टाकून घरी आणली. नावाप्रमाणे निवृत्त झालो, पेपर वाचत बसायला लागलो.

दोन हजार तीनचा ऑगस्ट. सकाळी दार वाजलं. आशानं उघडलं. मी आत पेपर घेऊन बसलो होतो, आवाज ऐकू येत होता.

"भाऊ हायेत का? मी चंदर. डोंगरावरला."

"अगंबाई, तुम्हीच का चंदरभाऊ! ह्यांना पाठीवर आणलंत ते! या, आत या. एकटेच आलात? घरात कशा आहेत?"

"घरात..." चंदर थांबला. "पाय काढला, ताई. उजवा. सरकारी दवाखान्यात हाय, चौदा दिस झालं."

मी पेपर ठेवून उठलो. बाहेर आलो तर चंदर उंबऱ्यापाशी उभा, म्हातारा झालेला, काखेत खोका. मी आशाला विचारलं, "घरात म्हणजे?"

"अहो, घरात म्हणजे ह्यांच्या मंडळी!" आशा म्हणाली. "आमच्या नांदगावकडं पुरुषमाणूस चारचौघांत बायकोचं नाव घेतो होय? माझे वडील जन्मभर आईला 'घरात'च म्हणाले. घरात ताप आलाय, घरात माहेरी गेलंय. आणि तुम्ही नाही का कंपनीत सांगायचात, 'घरी विचारून सांगतो'? घरी काय भिंतीला विचारायचात?"

मी खाली बसलो.

मग चंदर बोलला. आशानं चहा पुढे ठेवला, तो गार होईपर्यंत बोलला. तानुबाईच्या पायावर चट्टे उठले होते, सत्त्याण्णवच्याही आधी. पेठच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आजार बरा झाला, पण पायाची जाणीव गेली ती गेलीच. काटा रुतला, दगड लागला, विस्तव पडला, काही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाला होता, आता पायाला डोळ्यानं सांभाळायचं. चिखलापाण्यात उघडा पाय घालायचा नाही. पण भाताची आवणी चिखलातच असते. पेठच्या बाजारात बायकांचे बंद बूट कुठले? गमबूट आणले तर ते घासून जखमा झाल्या. तेवढ्यात माझ्या पायातले बूट चंदरनं पाहिले.

"मग मूर्खा, बोलायचं होतंस!" मी ओरडलो. त्या वेळीसुद्धा ओरडलोच, काय करू, जित्याची खोड. "बायकोसाठी पाहिजेत एवढं बोलायला काय झालं होतं?"

"बोललो व्हतो, भाऊ," चंदर म्हणाला. "सगळी हसली." मग म्हणाला, "आन् चट्ट्याचा आजार म्हनलं की पाड्यावर पानवठ्यावर येऊ देत न्हायत. चारचौघांत कसं फोडू? काडी दिली. म्हनलं, काडीवरून कळंल."

काडीवरून कळेल. यादवला कळलं होतं.

"आणि मी दिलेले?"

"एक आवनी घातलं तिनं, चिंध्या कोंबून. आत पाय हलायचा. फोड आलं, फुटलं, तिला कळलं नाय. डाक्टर म्हनला, हे घालू नको. मग टांगलं वर. तुमी एवढ्या मायेनं आनलं व्हतं, दुसरं कसं मागायचं? ह्या जेष्ठात बाभळीचा काटा गेला. आठ दिसांनी वास आला तवा बघितलं. तवर हाडापर्यंत गेलं."

त्यानं खोका उघडला. बूट तसेच होते, मेण लावलेले, चकचकीत. दरवर्षी तो त्यांना तेल लावत होता.

"भाऊ, नव्यावानीच हायेत. हे देऊन लहान मिळतील का, त्या मापाचं?" मग खोक्याकडे बघत म्हणाला, "एकच लागंल. डावा."

आशा पदर तोंडाला लावून आत गेली.

त्याच दिवशी डबा उपसून काडी काढली. लाल ठिपका जसाच्या तसा होता, चांगला रंग वापरायचो ना आम्ही. मी ती घेऊन यादवकडे गेलो. त्याचे केस पिकले होते. मी काडी पुढे केली, म्हटलं, "चार नंबर. बाईचा. एकच, डावा."

यादवनं काडी घेतली, लाल ठिपक्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं आता बोलेल, 'मी सांगितलं होतं' म्हणून. त्यानं बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आतून शिवण नको ना टोचायला? मऊ अस्तर लावतो." आठ दिवस दुसरं काम बाजूला ठेवून त्यानं तो बूट केला. मी सांगायच्या आधीच टबात बुडवून ठेवला होता.

सप्टेंबरात मी पाड्यावर गेलो. एकटाच, एसटीनं, आणि पुढे पायी. तानुबाई ओट्यावर बसली होती, शेजारी कुबडी. उजवा पाय घोट्याच्या वर संपलेला, त्याला पांढरं फडकं. मला बघून तिनं फडक्यावर पदर ओढला, जणू तिचंच काही चुकलं होतं.

मी खाली बसलो. तिचा डावा पाय हातात घेतला. ती "नको भाऊ, नको" म्हणून ओढायला लागली, पण मी ऐकलं नाही. मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली.

"बसला का, वहिनी? कुठं टोचतंय?"

"मला कसं कळंल?" ती म्हणाली. "तुमीच बघा."

मी बघितलं. टाचेमागे बोट घालून बघितलं. अंगठ्यापुढची जागा दाबून बघितली. घोट्याभोवती हात फिरवला. बूट कुठे सैल नव्हता, कुठे घट्ट नव्हता. तिला उभं करून घेतलेली काडी केसभरही चुकलेली नव्हती.

"मापात आहे," मी म्हटलं.

तानुबाईचा चेहरा उजळला. "म्हंजे काडी घावली म्हना."

"कुठली काडी?"

"माझी. ह्यांनी सांगितलं व्हतं ना, भाऊकडनं काडी हरावली, म्हून अंदाजानं केलं त्यांनी. मी म्हनलं, जाऊ द्या. येवढीशी ती काडी, हरवायचीच. तुमास्नी शंभर कामं."

मी चंदरकडे बघितलं. तो पाठ करून उभा होता आणि रिकाम्या खोक्याचं झाकण उगाच लावत होता, काढत होता. पाच वर्षं त्यानं हे घरात असं सांगितलं होतं.

काडी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, लाल ठिपक्यासकट. तिला द्यायलाच आणली होती. खरं काय ते सांगून माफी मागायची, असं एसटीत बसल्यापासून घोकत आलो होतो.

"हो वहिनी," मी म्हणालो. "घावली."